साहेबांच्या शेपटीचं माप

मास्तरांची आणि साहेबांची पहिली भेट झाली तेव्हा काळ थांबला होता, असं मास्तर पुढे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. डोक्यावरचा पंखा थांबला. कोपऱ्यावरची वाहतूक थांबली. समोरच्या सलूनमधलं केस कापायचं मशीन एका गिऱ्हाइकाच्या अर्ध्या डोक्यावर थांबलं. आणि मास्तरांच्या हातातली कात्री बँकेतल्या कॅशियरच्या होऊ घातलेल्या पँटच्या ऐन मध्यावर येऊन थांबली. गल्लीतली वीज गेली होती, हे त्यामागचं साधं कारण. पण कात्रीला वीज लागत नाही, असा मास्तरांचा मुद्दा होता आणि तो बिनतोड होता.

दुकानाच्या दारात त्यांची लेक उभी होती. तिच्या हातात गाठ मारलेली प्लास्टिकची पिशवी, पिशवीत पाणी आणि पाण्यात साहेब. साहेब म्हणजे अंगठ्याएवढा फायटर मासा. पण आपण अंगठ्याएवढे आहोत हे त्यांना अजून कुणी कळवलेलं दिसत नव्हतं. निळंशार अंग, त्यावर तांबूस झाक, आणि मागे अंगाच्या दुप्पट पसरलेली शेपटी. साहेबांनी पिशवीतूनच दुकान नजरेखालून घातलं. टांगलेले कोट पाहिले, कापडाचे तागे पाहिले, तोंडात सुया धरलेल्या काजवाल्या मावशी पाहिल्या, शेवटी मास्तरांना पाहिलं आणि तोंड फिरवलं.

मास्तरांना अपमान वाटला नाही, कारण ते तोंडाकडे बघतच नव्हते. ते शेपटीकडे बघत होते. तीस वर्षं त्यांनी घेर शिवले होते, पण एवढ्याशा कमरेला एवढा घेर, आणि कुठे चुणी म्हणून नाही, हे त्यांनी पाहिलं नव्हतं.

"आडव्या कापडातला घेर दिसतोय," ते हळूच म्हणाले.

"बाबा, तो मासा आहे," लेक म्हणाली.

"ते कळलं. पण शिवलाय कुणी?"

मास्तरांबद्दल गावभर दोन मतं नव्हती. त्यांनी शिवलेला कोट अंगावर चढवला की माणसाचे खांदे आपोआप मागे जात, आणि तो कोट अंगावर चढेपर्यंत माणसाचं वजन बदललेलं असे. दिलेल्या तारखेला मास्तरांनी कपडा दिल्याची एकही नोंद नव्हती. गिऱ्हाईक आलं की त्यांच्या तोंडून एकच वाक्य बाहेर पडे, "झालंच आहे, फक्त काज-बटण राहिलंय." कापड अजून ताग्यावर असलं तरी काज-बटणच राहिलेलं असे. काज-बटण करणाऱ्या मावशी त्याच दुकानात, त्याच गिऱ्हाइकासमोर, रिकाम्या हाताने बसलेल्या असत.

"माझ्या नावावर तीस वर्षं खोटं बोलताय," त्या म्हणत. "वर गेल्यावर मलाच विचारतील, बाई, एवढी बटणं का अडवून ठेवलीत."

लेकीला या धंद्याची झळ सगळ्यांत जास्त बसली होती. शाळेचा पहिला दिवस तिने मामेबहिणीच्या गणवेशात काढला होता. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीसाठी बापाने स्वतः बेतलेला कोट तिला मिळाला तेव्हा ती त्या नोकरीत कायम झाली होती. आता ती दुसऱ्या शहरात लिफ्ट तपासणारी इंजिनिअर होती आणि सहा आठवड्यांच्या प्रशिक्षणाला दूर निघाली होती. साहेबांना आईबापांच्या घरी ठेवायची सोय नव्हती. घरी तिच्या आईचं पाळणाघर होतं, त्यात चालती-रांगती अकरा मुलं होती, आणि त्यांच्या हाती लागले असते तर साहेब दुपारच्या जेवणापर्यंतही टिकले नसते. साहेबांची चौकोनी टाकी सामान हलवताना तडकली होती, म्हणून तिने काचेची एक गोल बरणी आणली होती. त्यात खाली रंगीत खडे, मधोमध प्लास्टिकचं एक हिरवं झाड. सोबत कागद: दिवसातून दोनदा तीन-तीन दाणे, आठवड्यातून दोनदा थोडं पाणी बदला, काचेवर टिचक्या मारू नका.

"बाबा," ती म्हणाली, "मी आजवर तुमच्याकडे मागितलेलं काहीच मला वेळेवर मिळालेलं नाही. मी तक्रार करत नाहीये."

"करतेस की."

"बरं, करते. पण एवढं एकच द्या. बेचाळीस दिवसांनी, जसा देतेय तसा."

मास्तरांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बेचाळीसावा दिवस शोधला आणि त्याभोवती खडूने गोल केला. असा गोल त्यांनी कुठल्याही तारखेभोवती पूर्वी केला नव्हता. मावशींच्या तोंडातली सुई खाली पडली.

दुकानात मानाची जागा एकच होती. दरवाज्यातून येणारा उजेड जिथे पडे ते कापायच्या टेबलाचं टोक, आणि त्याच्या अगदी समोर, दोन पावलांवर, ट्रायलचा पुरुषभर उंचीचा आरसा. भारी कापड मास्तर तिथे पसरत. साहेबांची बरणीही त्यांनी तिथेच मांडली.

आणि काय सांगावं, साहेब फुलले. बरणी टेबलावर टेकते न टेकते तोच त्यांनी दोन्ही कल्ले बाहेर काढले, मानेभोवती झालर उभी केली, शेपटी पंख्यासारखी उघडली आणि अंग आडवं करून आरशासमोर मिरवायला सुरुवात केली. पुढे जात, वळत, पुन्हा येत. मास्तर हरखून गेले. तीस वर्षं त्यांनी माणसं त्या आरशासमोर उभी केली होती. पोट आत घेणारी, मान ताणणारी, बाजूने बघून नाराज होणारी. पण स्वतःवर एवढं खूश असलेलं गिऱ्हाईक पहिलंच.

"बघा मावशी, कपडा अंगाला बसला की असं होतं."

"गर्व झालाय मेल्याला," मावशी म्हणाल्या, पण खुर्ची टेबलाकडे सरकवून.

चार दिवसांत ही बातमी गल्लीभर झाली. सलूनमधली गिऱ्हाइकं मानेला पांढरं कापड तसंच ठेवून साहेबांना बघायला येत. बरणीच्या गोल काचेतून साहेब दिसतही होते चांगले बोटभर लांब. कॅशियर पँट मागायला म्हणून येई आणि पाऊण तास साहेबांसमोर उभा राही. "माझी पँट?" तो जाताना विचारी. "फक्त काज-बटण," मास्तर साहेबांवरची नजर न काढता म्हणत. लेकीचा फोन आला की ते छाती फुगवून सांगत, "काळजीच करू नकोस. दिवसभर आनंदात असतो. इतका आनंदात की जेवायला सवड नाही."

अकराव्या दिवशी सकाळी मास्तरांनी दुकान उघडलं आणि त्यांचा हात पहिल्यांदा कात्रीकडे गेला. शेपटीच्या डाव्या बाजूला आडवा काप होता. एक नाही, तीन. कडेचे धागे निघावेत तशी शेपटी दशा-दशा झाली होती, आणि त्या दशांची टोकं काळपट पडली होती. साहेब तळाशी खड्यांवर टेकून बसले होते. एवढंच काय, मास्तरांनी वाकून पाहिलं तरी त्यांनी तोंड फिरवलं नाही.

"मी कापली नाही," मास्तर म्हणाले.

"तुम्ही कशाला कापाल," मावशी म्हणाल्या. "तुम्ही कापायला घेतली असती तर अजून ताग्यावर असती."

तीन चौक पलीकडे पिंजरे, पाखरांचं खाणं आणि मासे विकणाऱ्या एका बाईंचं दुकान होतं. गल्लीत त्यांना पिंजरेवाल्या बाई म्हणत. बरणी पोटाशी धरून मास्तर चालत निघाले, पाणी हिंदकळू नये म्हणून गुडघे वाकवून, एक-एक पाऊल मोजत. वाटेत दोघांनी त्यांना पाठीचं दुखणं आहे का म्हणून विचारलं.

पिंजरेवाल्या बाईंनी बरणीत पाहिलं, मग मास्तरांकडे पाहिलं, आणि दोघांत जास्त आजारी कोण हे ठरवायला त्यांना थोडा वेळ लागला.

"पर फाटलेत आणि सडायला लागलेत," त्या म्हणाल्या. "पाणी कुठलं घालता?"

"नळाचं."

"नळाचं काढून लगेच ओतता?"

"मग काय फुंकर मारून ओतू?"

"नळाच्या पाण्यात जंतू मारायचं औषध असतं. माणसाला चालतं, याला सोसत नाही. हे थेंब घालायचे आणि मग पाणी वापरायचं. आणि ही बरणी. तुम्हाला कुणी जन्मभर मोरीत राहायला सांगितलं तर?"

बाईंनी चौकोनी टाकी काढली, पाणी कोमट ठेवायचा हिटर काढला, वाळलेली बदामाची दोन तपकिरी पानं काढली. रोज थोडं पाणी बदलायचं, साधं मीठ मोजून दहा दिवस घालायचं, आणि ते पाण्यात आधी विरघळवून, साहेबांच्या डोक्यावर भुरभुरवून नव्हे. पानं टाकीत टाकायची. पाणी चहासारखं दिसेल, घाबरायचं नाही.

"याला दुसरा मासा दिसतो का? फायटर आहे. दुसरा नर दिसला की भांडून जीव देतो."

"छे, एकटाच असतो. घरंदाज आहे."

"मग विश्रांती द्या. टाकी एकदा मांडली की हलवू नका. येईल शेपटी. वेळ लागेल."

"किती? एकतीस दिवसांत पाहिजे."

"मास्तर," बाई म्हणाल्या, "माझा ब्लाउज तुमच्याकडे मागच्या वर्षीपासून आहे."

मास्तरांनी दुकानात परत येऊन टाकी बरणीच्याच जागी मांडली आणि मग जे केलं ते कुठल्याही जनावरांच्या डॉक्टरला सुचलं नसतं. त्यांनी जॉर्जेटचा एक तलम तुकडा घेतला आणि प्लास्टिकच्या झाडावरून हळूच फिरवला. तुकडा तीन ठिकाणी अडकला आणि त्याचा धागा निघाला. मास्तरांनी झाड उचललं आणि टोपलीत फेकलं. शेपटीला अडकेल असं काही टाकीत राहणार नव्हतं. मग त्यांनी हिरव्या सॅटिनच्या कापल्या पट्ट्या काढल्या. त्या आधी कढत पाण्यात टाकल्या, कारण रंग जाणारं कापड कुठलं हे त्यांना झोपेतही कळे. पहिलं पाणी हिरवं झालं, दुसरं पोपटी झालं, पाचवं स्वच्छ निघालं. मग प्रत्येक पानाची कड दुमडून, हातशिलाईने, टाके दिसणार नाहीत असे घालून त्यांनी सात पानांचं एक झाड शिवलं आणि बुडाला काचेची गोटी बांधून टाकीत उभं केलं. हे सगळं एका दुपारी झालं. कॅशियरची पँट त्याच टेबलावर तशीच पडून होती. कॅशियर दारात उभा राहून सगळं बघत होता.

"मास्तर, मी मासा असतो तर?"

"तर तुम्हाला पँट लागली नसती," मावशी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी माप घेतलं. ते रोजच घेत. मापाची टेप काचेला लावायची, साहेब आडवे झाले की आकडा वाचायचा, आणि खाकी कागदावर खडूने शेपटीचा आराखडा काढायचा. आदल्या दिवशीपर्यंतचे आराखडे एकावर एक लावलेले होते. मास्तरांनी नवा काढला, जुन्यावर ठेवला आणि मटकन स्टुलावर बसले. एका रात्रीत साहेब सगळीकडून कमी झाले होते. शेपटी कमी, अंग कमी, डोकंसुद्धा कमी.

"आटले," मास्तर म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "मावशी, कोमट पाण्यात घातले ना, आटले."

"कापड आटतं मास्तर. मासा कसा आटेल?"

"तुम्हाला काय माहीत, हा कशाचा केलाय?"

पिंजरेवाल्या बाईंना फोन गेला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. फोनवर बराच वेळ नुसता पाखरांचा कलकलाट ऐकू येत होता. मग त्या म्हणाल्या, "आधी बरणी गोल होती ना? गोल काचेतून सगळं मोठं दिसतं. आता दिसतोय तेवढाच होता तो." आणि फोन ठेवताना, "मास्तर, ब्लाउज टेपने मापता ना? बरणीतून नाही ना?"

दहा दिवस सगळं बाईंनी सांगितल्याबरहुकूम चाललं. पाणी चहाच्या रंगाचं, हिटरचा छोटा लाल दिवा लागलेला, मीठ मोजून. पण शेपटी भरून यायचं नाव घेईना. एक काप सांधल्यासारखा दिसे, तोवर शेजारी दुसरा. साहेब सकाळभर टाकीत येरझाऱ्या घालत, दुपारी दमून सॅटिनच्या पानावर पडून राहत. मास्तरांना वाटे, बिचारे एवढ्या आजारातही गिऱ्हाइकांसमोर मान ताठ ठेवताहेत. लेकीचा फोन येई.

"कसा आहे?"

"झालंच आहे," मास्तर म्हणत. "फक्त…"

तेवढ्यात मावशी खोकत.

मग साप्ताहिक सुट्टी आली. आधीच्या सुट्टीला साहेबांपायी दुकान उघडंच राहिलं होतं. सुट्टीच्या दिवशी दुकान बंद असे आणि आदल्या संध्याकाळी मावशी धूळ बसू नये म्हणून आरशावर जुनी चादर टाकत. एरवी मास्तर त्या दिवशी दुकानाकडे फिरकत नसत. साहेबांचं पाणी बदलायला म्हणून ते शटर अर्धं वर करून आत शिरले आणि टाकीसमोर थबकले. साहेब सॅटिनच्या दोन पानांमध्ये संथ तरंगत होते. कल्ले मिटलेले, शेपटी सैल. वर आले, हवेचा एक घोट घेतला, पुन्हा खाली गेले, एखादा पेन्शनर बागेत चकरा मारतो तसे.

मास्तर घाबरले. तीन आठवड्यांत साहेबांना त्यांनी एवढं शांत पाहिलं नव्हतं. शेवट जवळ आला असणार. त्यांनी सगळा दिवस दुकानात बसून काढला. संध्याकाळी माप घेतलं. नवा काप एकही नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. सकाळी पहिला आला तो कॅशियर. गंमत अशी की पँट तयार होती. आदल्या दिवशी साहेबांच्या उशाशी बसून मास्तरांना दुसरं काही सुचलं नव्हतं, म्हणून त्यांनी शिवून टाकली होती. कॅशियर पडद्याआड गेला आणि घालून बाहेर आला. "आरसा," तो म्हणाला. मावशींनी चादर ओढली.

टाकीतलं पाणी उसळलं. साहेबांनी कल्ले ताणले, झालर उभी केली, आणि आरशाच्या बाजूच्या काचेवर झेप घेतली. मागे फिरले, पुन्हा झेप. शेपटी काचेवर आपटत होती. कॅशियर आरशात पँट बघत होता, मावशी कॅशियरला बघत होत्या. आरशात साहेबांना कोण दिसतं ते त्या क्षणी मास्तरांनी पहिल्यांदा पाहिलं. आरशात टाकी होती. टाकीत निळंशार अंग, तांबूस झाक, अंगठ्याएवढा एक नर. कल्ले ताणून उभा. हुबेहूब तसाच घेर.

"मावशी," मास्तर म्हणाले, "मी यांच्या समोर यांचाच वैरी उभा केला होता. आणि मला वाटत होतं, साहेब स्वतःवर खूश आहेत."

"माणसं असतात ना," मावशी म्हणाल्या.

"मासे नसतात. एकेका गिऱ्हाइकाचं पोट आत आहे की बाहेर, ते मी कापडावरून ओळखतो. आणि हा राग एवढे दिवस समोर दिसत होता, तो मला कळला नाही."

त्यांनी चादर उचलली आणि आरशावर परत टाकली. चारही टोकांना टाचण्या लावल्या.

"अहो, मी बघतोय," कॅशियर म्हणाला.

"टाकी हलवा की तिकडे," मावशी म्हणाल्या.

"बाईंनी हलवू नका म्हटलंय. आणि हिटरचा प्लग इथेच आहे."

"मग टाकीवर फडकं टाका."

मास्तरांनी मावशींकडे असं पाहिलं की त्यांनी पुढचे दोन तास बटणंच लावली. "आजाऱ्याच्या तोंडावर फडकं? चूक कुणाची आणि झाकायचं कुणाला?"

त्या दुपारी लेकीचा फोन आला. मास्तर फोन घेऊन दुकानाबाहेर पायरीवर जाऊन बसले.

"कसा आहे?" ती म्हणाली.

मास्तरांच्या तोंडाशी ते वाक्य आलं. तीस वर्षं ते तिथे राहायला होतं. त्यांनी ते गिळलं.

"उसवलाय," ते म्हणाले. "माझ्यामुळे. शेपटी फाटलीय. मी त्याला आरशासमोर ठेवलं होतं. आता कळलं. भरून येईल म्हणतात, पण तू येशील तोवर पूर्ण होईल असं मी सांगू शकत नाही."

मग लेक म्हणाली, "बाबा, तुमची तब्येत बरी आहे ना?"

"हो. का?"

"नाही, एखादं काम झालेलं नाही, असं तुम्ही पहिल्यांदाच सांगितलंत. आईला फोन देता का?"

"आई घरी आहे. मी खरं बोलतोय."

"तेच म्हणतेय मी," ती म्हणाली. तिचा आवाज थोडा बदलला होता. "रागावले आहे मी. पण तुम्ही आहात ना तिथे? मग राहा."

मास्तर राहिले. आणि तिथून पुढचे एकोणीस दिवस त्या गल्लीत जे शिंपीकाम चाललं, ते जगात इतरत्र कुठे चाललं नसेल. आरसा नसलेलं टेलरिंगचं दुकान. गिऱ्हाईक पडद्यातून नवे कपडे घालून बाहेर येई आणि सवयीने आरशाकडे वळे. तिथे टाचण्या लावलेली चादर.

"आरसा कुठाय?" शाळेतल्या एका बाईंनी विचारलं.

"रजेवर आहे," मास्तर म्हणाले.

"कधीपर्यंत?"

"साहेबांची शेपटी येईपर्यंत."

मग आरशाचं काम मावशींकडे आलं. त्यांनी ते मागितलं नव्हतं, पण नाकारलंही नाही. आरसा जे दाखवतो ते मावशी बोलून दाखवत, आणि आरशाला जी भीड असते तीही त्यांना नव्हती.

"कसा दिसतोय?" नवा कोट चढवून कॅशियर विचारी. पँट खरोखर हातात पडल्यापासून तो माणूस सुसाट सुटला होता, त्याने कोटही शिवायला टाकला होता.

"पुढून पोट आहे तेवढं दिसतंय."

"आणि मागून?"

"मागून छान. लोकांकडे पाठ करून उभे राहत जा."

काही गिऱ्हाइकं रागावून गेली. पण त्यापेक्षा जास्त ऐकायला आली. सलूनवाला हातातलं काम सोडून दारात येऊन उभा राही. एक वकीलबाई दोन वेळा त्याच कोटाची ट्रायल द्यायला आल्या, कारण मावशींनी पहिल्या वेळी सांगितलं होतं, "तुम्हाला बघून मीच गुन्हा कबूल केला असता." आणि सगळ्यांत विचित्र गोष्ट म्हणजे कपडे वेळेवर होऊ लागले. साहेबांना एकटं सोडायचं नाही म्हणून मास्तर चहाला बाहेर पडत नसत, पानाच्या टपरीवर जात नसत, गप्पा मारायला सलूनमध्ये जात नसत. टाकीशेजारी बसून हात रिकामे कसे ठेवायचे, म्हणून शिवत. पिंजरेवाल्या बाईंचा ब्लाउज तयार झाला. त्यांना निरोप गेला तर त्या धावत आल्या; त्यांना वाटलं, मासा गेला.

तेहेतिसाव्या दिवशी मास्तरांना शेपटीच्या कडेला काहीतरी पांढुरकं, काचेसारखं दिसलं. "अस्तर बाहेर आलं," असं म्हणत त्यांनी बाईंना बोलावून घेतलं. बाईंनी नाक टाकीला लावलं.

"मास्तर, नवीन येतंय. आधी असंच येतं, बिनरंगाचं. रंग मागून भरतो."

मास्तरांनी टेप लावली. दोन मिलिमीटर. त्यांनी पुन्हा लावली, यावेळी टाकी चौकोनी असल्याची खात्री करून. दोन मिलिमीटर. मग गळ्यात टेप, कानावर खडू, अशा अवतारात ते गल्लीत उतरले आणि सलूनमध्ये, किराणा दुकानात, पायरीवर पेपर वाचणाऱ्या अनोळखी माणसाला, सगळ्यांना दोन बोटांत ते दोन मिलिमीटर धरून दाखवत फिरले. अनोळखी माणसाने, ते कुणाचं तरी घर शोधताहेत असं समजून, त्यांना पत्ता सांगितला. घरी गेल्यावर त्यांनी बायकोला दाखवलं. तिच्या कडेवर एक मूल होतं आणि पायाला दोन लोंबकळत होती.

"अहो, आपली लेक जन्मली तेव्हा तुम्ही एवढे नाचला नव्हता," ती म्हणाली.

"ती पूर्ण आली होती," मास्तर म्हणाले.

रोज माप वाढत गेलं. तीन. साडेतीन. पाच. निळा रंग कडेकडे सरकू लागला. साहेब दाणे मागायला वर येऊ लागले आणि एके दिवशी, मास्तर वाकून बघत असताना, त्यांनी पूर्वीसारखं तोंड फिरवलं. मास्तरांचे डोळे भरून आले.

बेचाळीसाव्या दिवसाची मास्तरांनी तयारी केली ती अशी, की आयुष्यात एकदाच तारीख पाळायची तर नीट पाळायची. स्वतःसाठी त्यांनी नवा शर्ट शिवला. बावीस वर्षांत स्वतःसाठी पहिला. काज-बटणासकट. टाकीची काच पुसली, पानं बदलली, शेपटीचे सगळे आराखडे क्रमाने लावून वर दोरा बांधला. लेक आली की तिला काय म्हणायचं तेही ठरलं होतं: "घे, तयार आहे." मावशींसमोर त्यांनी ते चारदा म्हणून पाहिलं. मावशी म्हणाल्या, तुमच्या तोंडात बसत नाही, पण म्हणा.

लेकीचं प्रशिक्षण एक दिवस आधी संपलं. ती एकेचाळीसाव्या दिवशी दुपारी दुकानात आली. मास्तर तेव्हा वकीलबाईंच्या कोटाला जुळता दोरा आणायला बाजारात गेले होते. मावशींनी टाकी तिच्या हवाली केली, आराखड्यांचं पुडकंही दिलं, आणि तिची परतीची गाडी चारची होती म्हणून ती थांबली नाही.

साहेब त्यानंतर दीड वर्ष जगले. शेपटीचा डावा कोपरा काही पूर्ण भरून आला नाही.